पाला कोणाचा, रान कोणाचं? कोरडवाहू ज्वारी आणि आच्छादनाचा इतिहास

जमिनीच्या लढ्यात आपल्या चळवळीने एकरांची भाषा चांगली शिकून घेतली. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, सातबारावर नाव कोणाचं, इतर हक्कात काय लिहिलंय. तलाठ्यासमोर बसून वाद घालायचा तर ही भाषा यावीच लागते. पण मिळालेल्या त्या एकरात पेरलेली ज्वारी डिसेंबरात दाणे भरायच्या आधीच का वाळते, हा प्रश्न मात्र आपण कृषी खात्यावर सोडून दिला. खात्याने त्याचं उत्तर दिलेलंही आहे. आच्छादन करा, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधली उघडी माती पालापाचोळा, गवत, तुरकाट्या, भुसकट असं काहीही पसरून झाकून टाका. हल्ली याला मल्चिंग म्हणतात. शिफारस बरोबर आहे, शास्त्र पक्कं आहे. गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात एवढंच विचारलं गेलं नाही की हा पाला आणायचा कुठून आणि तो आज कोणाच्या मालकीचा आहे. माझ्या मते कोरडवाहू शेतीतला जातीचा प्रश्न नेमका तिथे लपून बसला आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ, कारण आपल्याकडे शेतीवरच्या राजकीय लेखांत शेतीच नसते. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर हा रब्बी ज्वारीचा पट्टा. सोलापूरला वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा मोठा हिस्सा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात पडतो. ज्वारी पेरायची सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर बहुतेक वर्षी पाऊस नाहीच. पीक पुढचे चार महिने जगतं ते मातीत मुरलेल्या ओलीवर. या ओलीला दोन वाटा असतात, एक पिकाच्या मुळांतून आणि दुसरी थेट मातीच्या पृष्ठभागावरून हवेत. दुसऱ्या वाटेने गेलेला प्रत्येक थेंब फुकट. काळी माती सुकू लागली की तिला भेगा पडतात, भेगांच्या बाजूंनीही ओल उडते, मुळं तुटतात. थंडीतला कोरडा वारा या सगळ्याला जोर देतो.

आच्छादन ही दुसरी वाट अडवतं. ऊन थेट मातीवर पडत नाही, वारा मातीला भिडत नाही, तण कमी उगवतं, भेगा उशिरा पडतात. खरिपात बाजरीवर केलं तर थेंबांचा मार मातीला बसत नाही, पाणी वाहून न जाता मुरतं. वर्षभराने तोच काडीकचरा कुजून मातीत मिसळतो आणि सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्राने रब्बी ज्वारीसाठी जी शिफारस केली आहे ती हेक्टरी ५ टन आच्छादनाची, पेरणीनंतर साधारण महिन्याच्या आत. हेक्टरी ५ टन म्हणजे एकरी २ टन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. जमिनीवरचा पाला आणि शेतातलं पीक यांचा संबंध आपल्याकडे सर्वांत आधी राजकीय प्रश्न म्हणून मांडला तो महात्मा फुल्यांनी. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांचं म्हणणं असं की डोंगर-टेकड्यांवरचं गवत, झाडांचा पाला, फुलं, जनावरांचं शेण, मेलेले किडे हे सगळं कुजून वळवाच्या पाण्याबरोबर खाली शेतात येई आणि जमिनी सुपीक होत. सरकारने जंगल खातं उभारलं, डोंगर आणि कुरणं ताब्यात घेतली, आणि शेतकऱ्याची गुरं व खत दोन्ही तुटली. हे लिहिलं तेव्हा १८७८ चा जंगल कायदा येऊन पाच वर्षं झाली होती आणि १८७६ ते ७८ च्या महादुष्काळाची हाडं अजून माळावर होती. फुल्यांनी उपायही सांगितला: फौजेतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या माणसांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल. मृद्संधारण हा शब्द मराठीत यायच्या कितीतरी आधी या माणसाने ओल, पाला आणि सत्ता हे तीन धागे एकत्र बांधले होते. आज पाणलोटावर पीएचडी होतात, त्यांच्या संदर्भसूचीत असूड शोधून पाहा.

सरकारी शास्त्राला या विषयाची जाग यायला आणखी चाळीस वर्षं लागली. १९२३ च्या सुमारास पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला. १९३३ पासून इम्पीरियल कौन्सिलच्या पैशातून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक इथे संशोधन केंद्रं उभी राहिली. सोलापूरला ना. वि. कानिटकर यांनी जे काम केलं त्यातून ‘बॉम्बे ड्राय फार्मिंग’ नावाने ओळखली जाणारी पद्धत तयार झाली. शेताला बांध घाला, दर तीन वर्षांनी खोल नांगरट करा, शेणखत द्या, पेरणी विरळ ठेवा, ओळींत अंतर ठेवा आणि वारंवार कोळपा. याच काळात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हे वाण आलं. ते आजही रानात टिकून आहे.

या पद्धतीतलं कोळपणं हे खरं तर आच्छादनच आहे, फक्त मातीचं. कोळप्याने वरचा थर मोकळा केला की तो खालच्या ओलीवर झाकणासारखा बसतो. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं शेतकरी उगाच म्हणत नाहीत. ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपण्या सांगितल्या आहेत, त्यातली शेवटची दातेरी कोळप्याने, भेगा बुजवण्यासाठी. मातीचं आच्छादन करायला पाला लागत नाही, बैल आणि माणूस लागतो. काडीकचऱ्याच्या आच्छादनाला बैल लागत नाही, पण गाडीभर माल लागतो. यातलं काय निवडायचं हे शेतकऱ्याच्या मर्जीवर नसतं, त्याच्या गोठ्यात आणि बांधावर काय आहे त्यावर ठरतं.

आणि इथे सोलापूरच्या त्या सगळ्या उत्तम शास्त्राची मर्यादा दिसते. प्रयोग झाले ते केंद्राच्या रानात: बैल सरकारचे, शेणखत सरकारचं, मजूर रोजंदारीवर. बाहेरच्या शेतकऱ्याला खोल नांगरटीसाठी बैलजोड्या पाहिजेत, शेणखतासाठी गुरं पाहिजेत, बांधासाठी पैसा पाहिजे. एवढं करून उत्पन्नात होणारी वाढ खर्चाच्या मानाने तोकडी, म्हणून पद्धत फारशी पसरली नाही, हे पुढच्या पिढीच्या शेतीशास्त्रज्ञांनीच मांडलं आहे. १९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला आणि बांधबंदिस्तीला जोर आला. पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि रोजगार हमीत लाखो लोकांनी माती उपसली. त्या कामांवरच्या ओळीत आपले आईबाप, आजी-आजोबा होते. त्यांनी घातलेले बांध ज्यांच्या रानात आहेत, त्या रानांचे सातबारे वाचून बघा. ओल अडवणाऱ्याचे हात एका वस्तीतले आणि अडवलेली ओल दुसऱ्या वस्तीची, ही या महाराष्ट्रातल्या मृद्संधारणाच्या इतिहासातली न लिहिलेली बाजू आहे.

पाल्याकडे परत येऊ. गावगाड्यात काडीकचऱ्याला मालक होता आणि त्याची वाटणीही जातीने ठरलेली होती. महाराला बलुतं मिळे त्यात ज्वारीच्या पेंढ्या असत, पण त्या मिळत वतनाच्या चाकरीबद्दल. रात्री-बेरात्री सरकारी टपाल पोचवा, पाटील-कुलकर्ण्याच्या दारात उभे राहा, मेलेली ढोरं ओढा, मग खळ्यावर उरलंसुरलं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते या पेंढ्यांच्या गुलामीविरुद्ध. वतनी जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भाकर यांच्या आशेने माणूस गावाला बांधलेला राहतो, हे त्यांनी ओळखलं होतं. शेवटी ही वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. जी जमीन हातात राहिली तिचे भावकीत तुकडे झालेले होते.

खळ्यापलीकडे आणखी एक वाटणी होती, ती बायकांची. ज्वारी काढल्यावर रानात धसकटं राहतात. ती वेचून आणायची आणि चूल पेटवायची, हे भूमिहीन घरातल्या बाईचं काम. तुरकाट्या आणि पऱ्हाट्याही तशाच. म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला आच्छादनाचा माल म्हणतो, तो एका घरी बैलाचा चारा असतो, दुसऱ्या घरी भाकरीचा जाळ. गॅस सिलिंडर घरात आला तरी पुढचा भरायला पैसे नसले की बाई पुन्हा धसकटांकडे वळते. शिफारशीच्या पत्रकात ही बाई कुठेच नाही. ‘शेतकरी बांधवांनो’ अशी सुरुवात असल्यावर ती असणार तरी कशी!

आता गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली खानदेश-मराठवाड्यात आणि डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. हजारो माणसं तुरुंगात गेली. त्याआधी १९५३ मध्येही मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी सत्याग्रह झालेला होता. मराठवाड्यातली कितीतरी गायरानं आपल्या लोकांनी त्या लढ्याच्या बळावर कसायला घेतली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तारीख भीमजयंतीची, अंमलबजावणी मात्र तहसीलच्या कपाटात.

पण गायरान म्हणून गावाने जी जमीन सोडली होती ती कोणती? नदीकाठची काळी भारी नव्हे. माळाची, उताराची, खाली मुरूम असलेली, वीतभर मातीची. जिथे पीक येत नव्हतं तिथे गुरं चरत होती. अशा जमिनीत ओल साठवायला जागाच कमी. भारी काळ्या रानातली ज्वारी आच्छादनाशिवायही कशीबशी निभावते, हलक्या रानातली पोटरीत आली की मान टाकते. म्हणजे ज्या जमिनीला झाकणाची सर्वांत जास्त गरज, ती जमीन आपल्या वाट्याला. हेही स्पष्ट सांगायला हवं की अगदी उथळ मुरमाड रानात आच्छादन केलं म्हणून रब्बी ज्वारी पिकेलच असं नाही. तिथे खरिपात बाजरी आणि तूर बरी, आणि आच्छादनाचा उपयोग पावसाचा खंड पडतो त्या दोन-तीन आठवड्यांत पीक धरून ठेवायला. मध्यम रानात ज्वारी घ्या. जमीन बघून पीक ठरवा, अनुदान बघून नको.

आता तो आकडा. एकरी २ टन आच्छादन. हलक्या कोरडवाहू रानात ज्वारीचा कडबा एकरी सव्वा-दीड टन निघाला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. म्हणजे घरातला सगळा कडबा, बैलाच्या आणि शेळीच्या तोंडातून काढून, एक पेंढीही न विकता शेतात पसरला तरी शिफारशीला पुरत नाही. आणि दुष्काळात कडब्याचा भाव चढतो तेव्हा तर ज्वारीपेक्षा कडब्यावरच घर चालतं. चार एकरांच्या माणसाला ८ टन माल पाहिजे. ज्याच्याकडे विहीर आहे, ऊस आहे, त्याच्याकडे पाचट पडून असतं आणि कित्येक जण ते जाळून टाकतात. ज्याच्याकडे बांधभर झाडं आहेत त्याच्याकडे पाला आहे. गायरानधारकाकडे काय आहे? वर्षानुवर्षं चरलेला माळ.

इथे बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध काढून वाचावा. भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवरचा तो निबंध आपल्याकडे नावाने सगळ्यांना माहीत, वाचलेला फार थोड्यांनी. त्या वेळचे अर्थतज्ज्ञ म्हणत होते, तुकडे लहान आहेत म्हणून शेती परवडत नाही, तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेब म्हणाले, तुकडा परवडतो की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही. जमीन, भांडवल, श्रम, अवजारं यांचं एकमेकांशी प्रमाण जुळतं का, यावर ठरतं. आणि भारतीय शेतकऱ्याकडे असलेली साधनं इतकी अपुरी आहेत की त्या मानाने त्याची जमीन लहान नसून उलट मोठीच आहे, असा धक्का देणारा निष्कर्ष त्यांनी काढला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उद्योगीकरण हा उपाय होता. पण या कसोटीवर आजचं गायरान घासून बघा. दोन एकर मुरमाड जमीन, बैल नाही, गाडी नाही, पाला नाही. ही जमीन बाबासाहेबांच्या अर्थाने त्या माणसाच्या साधनांच्या मानाने खूप मोठी आहे. ती ओस पडते आणि मग गावातले लोक म्हणतात, ‘यांना जमिनी दिल्या तरी कसता येत नाहीत.’

बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करा, जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना सामूहिक कसायला द्या, असं मांडलं. त्या योजनेत राज्यावर आणखी एक बंधन घातलं आहे, ज्याकडे आपलं लक्ष जात नाही. सामूहिक शेतांना पाणी, नांगराची जनावरं, अवजारं, खत आणि बियाणं पुरवायची जबाबदारी राज्याची. म्हणजे जमीन देताना तिच्यासोबत शेणाची टोपली कुठून येणार याचाही विचार करणारा हा माणूस होता. २००४ ला त्यांच्या सहकाऱ्याच्या नावाने कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली, भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. जमीन विकत घेऊन द्यायची, पुढचं तुमचं तुम्ही बघा. १९४७ च्या मसुद्यातला दुसरा अर्धा भाग योजनेत आलाच नाही.

आपल्या तरुणांना आच्छादनाबद्दल आज जे ऐकायला मिळतं ते बहुतेक नैसर्गिक शेतीच्या शिबिरांतून. अमरावतीचे सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा हे चार खांब आहेत. त्यातलं आच्छादन आणि वाफसा घ्या, बिनदिक्कत घ्या. माती झाकली की ओल टिकते, याला कोणत्याही गायीचं गोत्र लागत नाही. पण एका देशी गायीच्या शेण-मूत्रावर तीस एकर पिकतं, हा दावा भक्तीने स्वीकारू नका, पुरावा मागा. आणि ज्याच्या दारात गाय नाही, बांधायला दावणीची जागा नाही, त्याच्यासाठी ‘शून्य खर्च’ हा शब्द कसा लागू होतो तेही विचारा. खर्च शून्य दिसतो कारण गाय, पाला आणि बाईचे श्रम हिशेबात धरलेले नसतात. दुसऱ्या टोकाला सरकारचं फलोत्पादन अभियान फळं-भाजीपाल्याच्या शेतीत प्लॅस्टिक मल्चिंगला अनुदान देतं. बागायतदाराची माती प्लॅस्टिकने झाकायला पैसे आहेत. कोरडवाहू ज्वारी काडीने झाकायला पत्रक आहे.

मग करायचं काय? पाला विकत आणून कोरडवाहू ज्वारी परवडणार नाही, हे उघड आहे. तो शेताच्या बांधावरच उगवावा लागेल. गिरिपुष्पाची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर खोचली की लागते, शेळ्या तिला फार तोंड लावत नाहीत, आणि वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला मिळतो. तो कोवळा असल्याने लवकर कुजतो, नत्रही देतो. कडबा, तुरकाट्यांचं तसं नाही. त्या मातीत गाडल्या तर कुजताना नत्र ओढून घेतात, म्हणून वरच पसरायच्या. वाळवीवर लक्ष ठेवायचं. सगळं रान झाकण्याइतका माल नसेल तर सर्वांत उथळ पट्टा आधी झाका, बाकीच्यात कोळपणी चुकवू नका.

पण बांधावर झाड लावायचं तर बांध आपला पाहिजे. नावावर नसलेल्या गायरानात कोण झाड लावील? २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने पट्टे दिले असतील तर ती अपवादाची बाब, हेही त्याच निकालात आहे, पण नोटीस काढणारा अधिकारी तेवढंच पान वाचत नाही. डोक्यावर नोटीस असलेला माणूस एका हंगामाचा विचार करतो. पाच वर्षांत माती सुधारणारं काम तो करत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. शिवाय रानात वाळलं काड पसरलं की त्याला राखण लागते. गायरानाच्या भांडणात उभ्या पिकात गुरं सोडण्याचे प्रकार आपण पाहत आलो आहोत, तिथे आच्छादनाला काडी लावणं तर आणखी सोपं.

म्हणून नियमितीकरणाच्या अर्जासोबत आपल्या मागण्यांत आणखी चार ओळी आल्या पाहिजेत. अनुसूचित जातींच्या कुटुंबांच्या जमिनीवर बांधबंदिस्ती, झाडं आणि खताचे खड्डे ही कामं रोजगार हमीतून घेण्याची तरतूद आहे, ती गायरानधारकांनाही पट्ट्याच्या नोंदीवर मिळावी. सबळीकरण योजनेत जमिनीबरोबर पहिल्या तीन वर्षांचं खत, आच्छादनाचा माल आणि बैलभाडं धरलं जावं. कारखान्याच्या हद्दीत जाळलं जाणारं पाचट जिरायत वस्त्यांना मिळावं, वाहतुकीचा खर्च शासनाने द्यावा. आणि गावाची गवती कुरणं, तलावाकाठचं गवत, सरकारी पडीक जागेवरचं गवत यांचे लिलाव होतात, त्यात भूमिहीन आणि गायरानधारक महिलांच्या गटांना पहिला हक्क असावा. आपल्या गावात हा लिलाव कधी होतो, बोली कोण लावतो आणि गेल्या पाच वर्षांत गवत कोणाच्या गोठ्यात गेलं, ही माहिती ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकारात मागता येते. दसऱ्याच्या आत अर्ज टाका, कारण गवत तेव्हाच कापणीला येतं.

जय भीम.